मदत हवी आहे: हार्पी गरुड मोठा की स्टेलरचा समुद्री गरुड?

नमस्कार मंडळी, मी दोन्ही गरुडांचं एकाच स्केलवर चित्र काढतोय आणि पार अडकलोय. वजनात दोघं जवळपास सारखेच, मादी ९ किलोपर्यंत जाते (नर दोन्हीकडे लहानच), पण स्टेलरचे पंख पसरले की अडीच मीटरपर्यंत जातात आणि हार्पीचे सहसा दोन मीटरच्या आगेमागे, म्हणजे एवढं वजन असून पंख आखूड! कारण कळतं, हार्पी अ‍ॅमेझॉनच्या दाट जंगलात झाडांमधून वाट काढत स्लॉथ (झाडावर राहणारा संथ प्राणी) आणि माकडं उचलतो, तिथे लांब पंख अडकणारच, म्हणून रुंद पंख नि लांब शेपूट. स्टेलर मात्र रशियातल्या कामचाटकाच्या किनाऱ्यावर सॅमन मासे पकडतो, हिवाळ्यात जपानच्या होक्काइडोला बर्फावर बसलेला दिसतो, त्याला मोकळं आभाळ.

आता प्रश्न असा की "मोठा" कोणाला म्हणायचं, वजन धरायचं की पंख? मला स्वतःला वजनच बरोबर वाटतं. आणि पंजे कसे दाखवू? हार्पीचे पाय फारच जाड असतात, स्टेलरची चोच अवाढव्य. बसलेल्या हार्पीच्या पंखांची टोकं शेपटीच्या कुठपर्यंत येतात हे कोणी फोटोवरून नीट सांगेल का प्लीज?