मदत हवी आहे: आठवड्याला तीनच दिवस मिळतात, जिममधले कोणते व्यायाम धरू आणि कोणते सोडू?

नमस्कार मंडळी. मी वडगावचा, वय ४२. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे. शिफ्टभर उभं राहायचं आणि कास्टिंग उचलून मशीनवर चढवायची, हे रोजचं. गेल्या पावसाळ्यापासून घराजवळच्या जिमला जायलोय. शिफ्ट बदलत राहते, त्यामुळे आठवड्याला तीन दिवस आणि दर वेळी पाऊण तास, एवढंच हातात असतं.

जिममधला चार्ट सहा दिवसांचा आहे. एक दिवस चेस्ट, एक दिवस बॅक, एक दिवस नुसते हात. पेक डेक, केबल क्रॉसओव्हर, प्रीचर कर्ल, लेग एक्स्टेन्शन, यादी संपत नाही. बेळगावात बॉडीबिल्डिंगचा नाद मोठा, स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांना हा चार्ट लागत असेल. मला स्टेजवर जायचं नाही. पन्नाशीनंतरही कास्टिंग उचलताना कंबर धरू नये आणि भरलेला सिलिंडर जिन्यानं वर नेता यावा, एवढी ताकद मला मनापासून हवी आहे.

लहानपणी तालमीत जोर-बैठका भरपूर मारल्या आहेत. आमचे वस्ताद म्हणायचे, जोर-बैठकांत सगळं शरीर येतं. म्हणून पहिला प्रश्न असा, की बैठका चालू ठेवल्या तर स्क्वॉटची, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बसण्या-उठण्याची, गरज आहे का? दुसरा, डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहण्याला, जिममधले निम्मे लोक घाबरतात, कंबर जाईल म्हणतात. माझ्या कामाला तर तोच व्यायाम जवळचा वाटतो. करू की नको? आणि पाच-सहाच व्यायाम ठेवायचे झाले तर तुम्ही कोणते ठेवाल? कारण सांगा, नुसती नावं नकोत.

खानापूरकर: दादा, तुमचे वस्ताद खोटं बोलत नव्हते, पण तालमीत नुसत्या जोर-बैठका कुठं असायच्या? फावड्यानं कुस्तीच्या मातीचा हौद उकरणं, दोरी चढणं आणि वर रोज लढत. शरीराला ओढण्याचं काम त्यातनं मिळायचं. जोरात छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू येते, बैठकेत मांडीची पुढची बाजू. पाठीनं ओढायचं काही त्यात नाहीच. तालीम सुटली, हौद सुटला, जोर-बैठका तेवढ्या राहिल्या की पाठ आणि मांडीची मागची बाजू मागं पडते. म्हणून तुम्ही पहिल्यांदा ओढण्याचे व्यायाम धरा. पुलअप्स (दांड्याला लोंबकळून शरीर वर ओढणं) होत असतील तर तेच, नाहीतर लॅट पुलडाउन (मशीनवर बसून वरचा दांडा खाली ओढणं), आणि वाकून रॉडचं रोइंग, म्हणजे रॉड पोटाकडे ओढणं.

बैठकांचं म्हणाल तर त्यात टाच उचलते, भार चवड्यावर येतो आणि वजन तेच राहतं, आकडा तेवढा वाढतो. दम वाढायला उत्तम. ताकद वाढवायची तर वजन हळूहळू चढवता आलं पाहिजे, आणि ते स्क्वॉटमध्ये जमतं. बैठका वॉर्मअपला ठेवा.

निपाणीची ताई: मीही जिमला जाते, म्हणून डेडलिफ्टबद्दल लिहिते. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये लहान लोखंडी प्लेट असतात. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. लहान प्लेट लावली की रॉड खाली जातो आणि माणूस पाठीला बाक काढून उचलतो. भीती बसते ती इथंच. दोन्ही बाजूंना प्लेटखाली लाकडी फळ्या ठेवा, रॉड नडगीच्या मध्यावर आला पाहिजे. तोही जड वाटला तर आधी रोमानियन डेडलिफ्ट शिका: उभ्यानं रॉड धरायचा, कंबर मागं ढकलत गुडघ्याखालीपर्यंत न्यायचा, पाठ सरळ. काम मांडीच्या मागच्या बाजूला लागल्याचं लगेच कळतं.

मात्र कंबरेतनं पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग रॉडला हात लावा.

हिंडलग्याचा जुना जवान: मी पलटणीत होतो, आता भरतीच्या पोरांना मैदानावर तयार करतो. भरतीत १.६ किलोमीटर धावणं आणि बीम असते, त्यामुळे पोरं पुलअप्सवर मेहनत घेतात आणि वजन खांद्यावर, हातात घेऊन चालणं विसरतात. तुम्हाला सिलिंडर न्यायचाय ना? भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. दोन हातांत दोन जड डंबेल घ्या आणि खांदे न पाडता चाला. मग एकाच हातात घेऊन चाला. पकड, पोट, कंबर, सगळं एकदम कामाला लागतं. जिममध्ये पोरं बघत राहतील, बघू देत.

बेंच प्रेस (बाकावर पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) वाईट नाही, पण तुम्ही जोर मारताच, तेव्हा वेळ कमी असताना ती जागा उभ्यानं डोक्यावर वजन ढकलण्याला द्या. हा प्रकार १९७२ पर्यंत ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये होता. लोक मागं झुकून उचलायला लागले आणि पंचांना निवाडा करणं अवघड झालं, म्हणून काढला. तुम्हीही मागं झुकू नका, ढुंगण आणि पोट आवळून धरा.

खानापूरकर: जवान काकांशी सहमत. केबल क्रॉसओव्हर, लेग एक्स्टेन्शन खुशाल सोडा. बायसेप्सचा एखादा सेट शेवटी मारा, पण वेळ उरला तरच.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, फळ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. कंबरेत कळ वगैरे काही नाही, पायात मुंग्याही नाहीत.

असं ठरवलंय: एका दिवशी स्क्वॉट, रोइंग आणि उभ्यानं प्रेस. दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट, लॅट पुलडाउन आणि जोर. दोन्ही दिवस आलटून पालटून, शेवटी वजन घेऊन चालणं. पाच ते आठ रेप्सचे (सलग पाच ते आठ वेळा) तीन सेट, आणि तिन्ही सेट नीट झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो जास्त.

एक शंका उरलीच. रात्रपाळी संपवून सकाळी थेट जिमला गेलो तर त्या दिवशी डेडलिफ्ट करावी की झोप काढून संध्याकाळी? उद्यमबागेतलं किंवा रात्रपाळी करणारं कुणी असेल तर जरूर सांगा.