ई-बुकचं कुलूप (कॉपी रोखणारी यंत्रणा) तोडणारं टूल घेऊन अमेरिकेला जावं का?

अंधेरीकर: टूल मुंबईत लिहिलंय, इथे बेकायदा नाही. लास व्हेगासच्या परिषदेत डेमो दिला तर तिथलं सरकार पकडू शकतं?

बिटवाला: शकतं. अडोबी कंपनीच्या ई-बुकचं कुलूप तोडणारं टूल लिहिणारा रशियन प्रोग्रामर दिमित्री स्क्ल्यारोव, त्याला १६ जुलै २००१ ला तिथेच, भाषण झाल्यावर पकडलं. आरोप मात्र भाषणाचा नव्हता, टूल विकल्याचा होता. तक्रारदार अडोबीने आठवड्याभरात अंग काढून घेतलं, तरी सरकारने खटला रेटलाच. जामीन ५० हजार डॉलर, घरी जायला डिसेंबर उजाडला. लोकांचा त्या सरकारवरचा भरवसा उडाला तो या खटल्यात. पुढे डिसेंबर २००२ मध्ये ज्युरीने तो नोकरीला असलेल्या एल्कमसॉफ्ट कंपनीला निर्दोष सोडलं.

अंधेरीकर: फुकट वाटलं तर?

दादरची वकील: अमेरिकेच्या कायद्यात फौजदारीसाठी जाणूनबुजून आणि आर्थिक लाभासाठी केलेलं असावं लागतं. फुकट दिलं तरी दिवाणी दावा होऊ शकतो. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ २०१२ च्या दुरुस्तीतलं: हक्कभंगाचा हेतू लागतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून लपवणं) संशोधनाला सूट आहे. पण दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत केलीत तर त्याचं नाव, पत्ता, उद्देश लिहून ठेवा. कायद्यातच आहे ते, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

बिटवाला: आणि टूल विकत असाल तर विक्रीच्या पानावरून अमेरिका आधी काढा, म्हणजे तिथल्या गिऱ्हाइकांना विकू नका, मग तिकीट.