प्रतिसाद: व्हीव्हीएस की व्हीएस?
अंगठीसाठी व्हीव्हीएस१ (अत्यंत बारीक दोष असलेला) हिरा घ्यावा की व्हीएस२ (त्याहून थोडे मोठे, तरी बारीकच दोष असलेला), असं वर विचारलंय. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या, हिरा किती निर्दोष आहे ते सांगणाऱ्या 11 श्रेणी 10 पट भिंगाखाली ठरतात. नुसत्या डोळ्यांना व्हीएस२मधला दोष सहसा दिसत नाही. मग जास्तीचे पैसे कशाला? त्यापेक्षा पैलू नीट पाडलेला हिरा घ्या, चमक त्यावर आहे.

श्रेणी ठरवताना दोषाचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि उठाव (तो किती ठळक दिसतो ते) बघतात. म्हणूनच एकाच श्रेणीचे दोन हिरे सारखे नसतात. एसआय१मध्ये (व्हीएस२च्या खालची श्रेणी) मधोमध काळा ठिपका असेल तर तो हिरा सोडाच. तेच कडेला पांढरट रेघ असेल तर कोंदणाच्या नखीखाली झाकली जाते. फक्त ती रेघ म्हणजे हिऱ्याच्या अगदी कडेपर्यंत पोचलेली चीर नाही ना, हे सराफाकडून भिंगातून दाखवून घ्या. जडवताना तिथेच टवका उडतो.