शिआनचा रानहंस पॅगोडा: ४५ मिनिटांत होतो का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

देशपांडे वहिनी (बी-३०२): नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं चीनला निघालोय. शिआनमध्ये दोन दिवस आहेत. ह्युएन त्संगचा रानहंस पॅगोडा बघायचाच आहे. टूरवाल्याच्या कागदावर "पॅगोडा ४५ मिनिटं" असं लिहिलंय. तेवढ्यात होतं का? सासूबाई ७१ च्या आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे.

कुलकर्णी काका (ए-१०१): वहिनी, ४५ मिनिटांत वर चढून खाली येणं होईल, बघणं होणार नाही. निदान अडीच तास मागून घ्या. आणि सासूबाईंना चढवूच नका. आत २४८ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. लाकडी जिना चौकोनात वळत जातो आणि चढणारे-उतरणारे एकाच जिन्यावर. मागून शाळेची सहल आली की मध्येच थांबायचीही सोय नाही. वर चारही बाजूंना कमानीच्या खिडक्या, त्यातून शहर दिसतं, बस्स. पॅगोड्याचं खरं धन तळमजल्यावर आहे आणि बहुतेक लोक तिथूनच जिन्याकडे पळतात.

निखिल (सी-५०४): काका पुढे सांगायच्या आधी गेटचं सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच चुकतात. मेट्रो लाईन ३ आणि ४, दोन्हींवर दायेन्ता नावाचं स्टेशन आहे. कारंज्याचा मोठा चौक पॅगोड्याच्या उत्तरेला, त्यामुळे सगळे तिकडूनच घुसायला बघतात. पॅगोडा ज्या विहारात आहे त्याचा मुख्य दरवाजा दक्षिणेला आहे. भिंतीला वळसा घालून १०-१५ मिनिटं चालावं लागतं. सासूबाई बरोबर असतील तर टॅक्सी थेट दक्षिण चौकात, ह्युएन त्संगच्या पुतळ्यापाशी सोडायला सांगा.

तिकिटं दोन. विहारात शिरायचं एक, पॅगोड्यावर चढायचं वेगळं, तेही आत गेल्यावर. दोन्ही मिळून माणशी १०० युआनच्या आत. चढायचं नसेल तर दुसरं घेऊच नका.

देशपांडे वहिनी (बी-३०२): अरे वा, हे टूरवाल्याने सांगितलंच नाही. काका, तळाशी नक्की काय बघायचं?

कुलकर्णी काका (ए-१०१): दक्षिणेच्या दारासमोर उभ्या राहा. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत कोनाडे आहेत आणि प्रत्येकात एक काळा शिलालेख. साल ६५३. ह्युएन त्संगने भाषांतरित केलेल्या ग्रंथांना सम्राट तायत्सुंगने प्रस्तावना लिहिली, ती एका शिळेवर. त्याचा मुलगा गाओत्सुंग याने तिला जोड म्हणून लिहिलेला लेख दुसऱ्या शिळेवर. अक्षर दोन्हीकडे छू स्वेल्यांग या दरबारी सुलेखनकाराचं. एक लेख नेहमीसारखा उजवीकडून डावीकडे जातो, दुसरा मुद्दाम उलटा, डावीकडून उजवीकडे. त्यामुळे दोन्ही मजकूर दाराच्या बाजूने सुरू होऊन बाहेर पसरतात. चिनी येत नसली तरी ओळींची ही रचना समजते. शिळांना हात लावता येत नाही, फोनचा झूम वापरा, फ्लॅश नको.

मग पश्चिमेच्या दारावरची दगडी चौकट बघा. तिच्यावर बारीक रेघांनी कोरलेलं चित्र आहे: लाकडी सभागृहात बुद्ध धर्मोपदेश करतायत. खांब, खांबावरचे एकावर एक रचलेले, छप्पर पेलणारे लाकडी आधार, छपराच्या टोकांचं नक्षीकाम, सगळं मोजून काढल्यासारखं. तांग काळातल्या (ह्युएन त्संगच्या वेळच्या राजघराण्याच्या) लाकडी इमारती चीनमध्ये बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. म्हणून ल्यांग सछंग या वास्तुइतिहासकाराने त्या काळचं बांधकाम समजून घ्यायला हीच चौकट वापरली. चित्र फिकट आहे. ऊन तिरकं पडलं की रेघा उठून दिसतात, म्हणजे दुपार कलल्यावर.

मेधा (बी-१०३): काका, पॅगोडा मूळचा ह्युएन त्संगच्या वेळचाच आहे का?

कुलकर्णी काका (ए-१०१): जागा तीच, इमारत नाही. विहार ६४८ चा, गाओत्सुंगने युवराज असताना आईच्या स्मरणार्थ बांधलेला. पॅगोडा ६५२ चा. भारतातून आणलेले ६५७ ग्रंथ आणि मूर्ती आगीपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून ह्युएन त्संगने तो मागून घेतला. तेव्हा पाच मजले होते, आत ठोकलेली माती आणि बाहेरून विटा. इथेच घोटाळा झाला. विटांच्या सांध्यांतून पाणी मातीत मुरलं, गवत उगवलं आणि पन्नास वर्षांत बांधकाम ढासळलं. वू त्सत्यान सम्राज्ञीच्या काळात, ७०१ ते ७०४ मध्ये, ते विटांत नव्याने उभं केलं. १५५६ च्या शान्शी भूकंपाचा तडाखाही बसला, आणि मिंग काळात बाहेरून विटांचा आणखी एक थर चढवला. आज सात मजले, उंची ६४ मीटर. २०१४ पासून रेशीम मार्गाच्या जागतिक वारशात.

निखिल (सी-५०४): आणि तो वाकलेला आहे, हे फोटो काढताना लक्षात ठेवा. कल वायव्येकडे आहे. विसाव्या शतकात शहराने विहिरींतून भूजल भरमसाट उपसलं, जमीन खचली. १९९० च्या दशकात कल साधारण एक मीटरवर गेला होता. उपसा थांबवल्यावर किंचित सावरला. दक्षिण चौकातून फोटो घेतला तर ऊन तुमच्या पाठीशी. उत्तर चौकातून कारंज्यासकट घ्याल तर दुपारी ऊन समोरून येतं आणि पॅगोडा काळाठिक्कर दिसतो. तिकडे संध्याकाळी दिवे लागल्यावरच जा. कारंज्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तिथल्या फलकावर बघून घ्या.

सुनंदाताई कांबळे (सी-२०१): वहिनी, वंदनेचं थोडं सांगते. महाद्वारात बुद्धाच्या तीन मूर्ती एका ओळीत दिसतील. ती महायानातली त्रिकाय, म्हणजे बुद्धाच्या तीन रूपांची कल्पना, आपल्या विहारात नसते. बाजूला उभे दोन भिक्खू काश्यप आणि आनंद, आणि भिंतींलगत अठरा अर्हत. उदबत्ती बाहेरच्या मोठ्या धुपाटण्यात लावायची, आत नाही. लाकडी इमारतीत आगीची भीती असते. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. उंबरे गुडघ्याच्या खाली पण बरेच उंच असतात, सासूबाईंना हात द्या. मूर्तींसमोर फोटो नकोत. पॅगोड्याभोवती चालायचं ते उजवा खांदा आतल्या बाजूला ठेवून, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. चढता येत नसेल तर ती एक प्रदक्षिणा पुरे.

कुलकर्णी काका (ए-१०१): ताई, महाद्वार नव्हे हो, मुख्य सभागृह.

सुनंदाताई कांबळे (सी-२०१): हो हो, मुख्य सभागृह. बोटं घाईत चालली. सभागृहाच्या मागे पॅगोडा, आणि पॅगोड्याच्याही मागे ह्युएन त्संगला वाहिलेलं नवं प्रांगण आहे, ते मात्र अलीकडचं बांधकाम. त्याचा प्रवास भिंतींवर चित्रशिल्पांत आहे. बसायला जागा मिळते, सासूबाईंचा मुक्काम तिथे ठेवा.

मेधा (बी-१०३): महाराष्ट्राचा उल्लेख त्याच्याच प्रवासवर्णनात आहे ना? पुलकेशीचा?

कुलकर्णी काका (ए-१०१): तोच. साधारण ६४१ मध्ये तो इकडे आला. राजा दुसरा पुलकेशी. लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय (आपल्या एजीएमचं वर्णन वाटावं इतकं जवळचं). देशाच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेला विहार आणि दाराच्या दोन बाजूंना दगडी हत्ती, असं वर्णन त्यात आहे. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात. लेणं क्रमांक १६ च्या पायथ्याशी ते दोन हत्ती आजही उभे आहेत.

शहा भाभी (ए-४०२): वहिनी, जेवणाचं काय? आमच्याकडून पण दोघं येतायत, कांदा-लसूण चालत नाही.

निखिल (सी-५०४): भाभी, चीनमध्ये यासाठी बौद्ध शाकाहारी हॉटेलं सोयीची. त्या परंपरेत मांस, अंडं यांबरोबर कांदा, लसूण आणि त्या जातीच्या भाज्याही वर्ज्य. बटाटा, गाजर, मुळा मात्र असतात, ते सांगून काढावे लागतील. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी. साध्या हॉटेलात हे पुरत नाही, तिथे भाजी डुकराच्या चरबीत परततात किंवा वरून खिमा टाकतात. मजकूर फोनवर चिनीत लिहून ठेवा: मांस, मासे, चरबी, मांसाचा रस्सा, अंडं, कांदा, लसूण नको. ल्यांगफी नावाच्या थंड शेवया रस्त्यावर सगळीकडे मिळतात, मूळच्या शाकाहारी, पण लसणाचं पाणी वरून घालतात. घालायच्या आधी थांबवा.

देशपांडे वहिनी (बी-३०२): पैसे? रोख नेऊ की कार्ड?

निखिल (सी-५०४): अलिपे, म्हणजे चिनी पेमेंट ॲप. इथून निघायच्या आधी टाका, पासपोर्टने ओळख पटवा, कार्ड जोडा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा, तो मुळात बंद असतो. कार्ड जोडताना ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून हे काम घरीच. २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ३ टक्के जादा लागतात. थोडी रोखही ठेवा. टॅक्सी अलिपेमधल्या दीदी या टॅक्सी सेवेवरून, इंग्रजीत चालते. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल बंद असतात. भारतीय सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम असेल तर चालतात. गूगल मॅप्सवर विसंबू नका, तिथले बिंदू काही शे मीटर सरकलेले दिसतात. आमॅप हे चिनी नकाशा ॲप वापरा.

आप्पा नेने (ए-२०३): फॉरवर्ड आलाय, ट्रान्झिटला १० दिवस व्हिसा लागत नाही म्हणे. मग व्हिसाचे पैसे वाचतील का?

निखिल (सी-५०४): आप्पा, २४० तासांच्या त्या यादीत भारत नाही. व्हिसा लागणारच. फॉरवर्ड पुढे पाठवू नका.

मेधा (बी-१०३): दुसऱ्या दिवशी काय जोडावं?

कुलकर्णी काका (ए-१०१): आवडीवर आहे. अक्षर आवडलं असेल तर जुन्या शहरातलं बेइलिन हे शिलालेखांचं संग्रहालय. तायत्सुंगची तीच प्रस्तावना तिथे ६७२ च्या दुसऱ्या शिळेवर आहे. हुआयरेन नावाच्या भिक्खूने वांग शीचर या जुन्या सुलेखनकाराची अक्षरं त्याच्या निरनिराळ्या लेखनातून एकेक करून जमवली आणि त्या अक्षरांत हा मजकूर मांडला. पॅगोड्यातली आधी बघितली असेल तर इथे फरक डोळ्यांत भरतो. इत्सिंग हा चिनी भिक्खू, जो समुद्रमार्गे नालंदाला गेला होता, त्याच्याशी जोडलेला लहान रानहंस पॅगोडा शिआन संग्रहालयाच्या आवारात. उंची ४३ मीटर. मूळ १५ मजले, आता १३. तिकडे गर्दी कमी, झाडी जास्त. गुडघेवाल्यांना हाच बरा.

आणि ह्युएन त्संगचं समाधी-स्मारक शहरात नाही, दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर शिंगच्याओ विहारात आहे. ६६९ चा पाच मजली विटांचा पॅगोडा, दोन्ही बाजूंना त्याचे शिष्य ख्वेची आणि कोरियाचा वॉन्चुक यांचे लहान पॅगोडे. मेट्रो तिथपर्यंत जात नाही. जाताना दीदी मिळते, परतीची मिळेल याची खात्री नाही, म्हणून गाडी थांबवूनच ठेवा.

देशपांडे वहिनी (बी-३०२): शिआनमधल्या शान्शी प्रांताच्या मोठ्या संग्रहालयाचं तिकीट नाही मिळालं तर?

निखिल (सी-५०४): त्याची नोंदणी काही दिवस आधीच संपते आणि सोमवारी बंद असतं. तिकिटाच्या चिनी ॲपमध्ये पासपोर्ट क्रमांक स्वीकारला जात नसेल तर टूरवाल्याकडून करून घ्या. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, आडनाव-नावाचा क्रम न बदलता. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स दारावर चालत नाही.