एडिथ कीलरला मरू देणं: कर्कचा त्याग की लेखकाची सोय?

तळ्यातमळ्यात
'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता म्हटलं की बहुतेक जण डोळे मिटून 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'चं नाव घेतात. ६ एप्रिल १९६७ला एनबीसीवर दाखवलेला. परवा पुन्हा पाहिला आणि या वेळी चीडच आली.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात (पुढे सगळं रहस्य फुटणार आहे, नंतर बोंब मारू नये). एंटरप्राइज या अंतराळयानावरचा डॉ. मॅकॉय चुकून स्वतःलाच कॉर्ड्राझिन या औषधाचा जबर डोस टोचून घेतो, भ्रमिष्ट होतो आणि एका ग्रहावरच्या 'गार्डियन ऑफ फॉरेव्हर' या काळाच्या दारातून भूतकाळात उडी मारतो. त्याने तिथे काहीतरी केलं आणि इकडे एंटरप्राइज गायब! ते निस्तरायला यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. महामंदीचे दिवस. एडिथ कीलर (जोन कॉलिन्स) तिथे बेघरांना सूप देणारं मिशन चालवत असते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. स्पॉक रेडिओचे व्हॉल्व्ह जोडून एक जुगाड उभं करतो, त्यावर दोन बातम्या सापडतात. एकीत एडिथ १९३०मध्येच अपघातात गेली आहे. दुसरीत १९३६ साली ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटते आहे. ती जगली तर तिची शांतता चळवळ फोफावणार, अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार, तोवर जर्मनी अणुबॉम्ब बनवणार. म्हणून शेवटी ट्रक येतो तेव्हा तिला वाचवायला धावणाऱ्या मॅकॉयला कर्क धरून ठेवतो.

माझा आक्षेप असा. एरवी शांततेचे गोडवे गाणाऱ्या मालिकेने शांततेवर मनापासून विश्वास असलेल्या बाईला ट्रकखाली घातलं आणि वर ते कसं अटळ होतं हे गणिताने पटवून दिलं. तेही व्हिएतनाम पेटलेलं असताना! हा भाग लागायच्या दोनच दिवस आधी, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग न्यूयॉर्कच्याच रिव्हरसाइड चर्चमध्ये त्या युद्धाविरुद्ध बोलले होते. तारखा जुळल्या हा योगायोग, पण त्या काळात पाहणाऱ्याने यातून काय घ्यावं?

नाक्यावरचा
साफ असहमत. कर्क स्वतः म्हणतो की शांतता हाच मार्ग होता, एडिथचंच बरोबर होतं. त्यावर स्पॉकचं उत्तर एवढंच, की बरोबर होती पण चुकीच्या वेळी. यात शांततावादाची टिंगल कुठे आहे? समोर हिटलर आहे, व्हिएतनाम लढवणारा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन नाही. १९६७चा चष्मा तुम्ही लावलाय, लेखकाने नाही.

मावळतीकर
नाक्यावरचा, हिटलरच हवा असेल तर इतिहास तरी नीट घ्या. अमेरिकेला युद्धापासून लांब ठेवायला एडिथची गरजच नव्हती. तटस्थतेचे कायदे १९३५पासून होते, १९४०मध्ये युद्धात पडू नका म्हणणारी अमेरिका फर्स्ट कमिटी निघाली, लिंडबर्गसारखा नामांकित वैमानिक तिच्या व्यासपीठावर होता. हे लोक काही एडिथसारखे गरिबांना सूप वाढत नव्हते. एवढं असूनही पर्ल हार्बर झालं आणि चार दिवसांनी, ११ डिसेंबर १९४१ला, जर्मनीनेच अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. आता न्यूयॉर्कच्या एकविसाव्या रस्त्यावर मिशन चालवणारी एडिथ जपानची विमानं कशी अडवणार होती?

आणि जर्मन अणुबॉम्बसाठी स्पॉक ज्या जड पाण्याच्या (अणुभट्टीत वापरायच्या खास पाण्याच्या) प्रयोगांचा हवाला देतो, त्या पाण्याचा नॉर्वेतला व्हेमॉर्कचा कारखाना फेब्रुवारी १९४३मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या नॉर्वेजियन कमांडोंनी निकामी केला. अमेरिकन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले ते नंतर, नोव्हेंबरात.

म्हणजे एडिथवर ठेवलेला आरोपच कच्चा आहे.

नाक्यावरचा
अहो, पन्नास मिनिटांचं नाटक आहे, पीएचडीचा प्रबंध नाही! शेवट बघा ना. ब्रेकचा कर्कश आवाज, एडिथची किंकाळी, आणि कर्क मॅकॉयला घट्ट धरून उभा. एडिथच्या दिशेला पाठ, डोळे मिटलेले. मॅकॉय ओरडतो, मी तिला वाचवू शकलो असतो, तू काय केलंस कळतंय का तुला? उत्तर स्पॉक देतो: त्याला माहीत आहे, डॉक्टर. एरवी ऊठसूट भाषण ठोकणारा कर्क इथे गप्प. ग्रहावर परतल्यावर 'चला इथून' एवढंच, तेही चिडून. गणित जिंकल्याचा आनंद दिसतो का कुठे?

बुगडी
तुम्ही सगळे एडिथवरच अडकलात. त्या भिकाऱ्याचं काय? मॅकॉय बेशुद्ध पडल्यावर एक फाटका माणूस त्याचा फेझर (किरण सोडणारं पिस्तूल) लांबवतो, बटणं दाबून बघतो आणि जागच्या जागी नाहीसा होतो. राखसुद्धा उरत नाही. त्याच्यामुळे इतिहास तसूभरही हलत नाही, गार्डियन चकार शब्द काढत नाही, कर्क-स्पॉकला तर पत्ताही नसतो. रूझवेल्टना भेटणार असाल तरच तुमचा जीव मोजणार!

दुसरं. एडिथ रस्ता का ओलांडते? कर्क तिला तिथेच थांबायला सांगून मॅकॉयकडे पळतो, तिघे मिठ्या मारतात, आणि हा काय प्रकार म्हणून ती बघायला येते. कर्क १९३०मध्ये आलाच नसता तर ती त्या ट्रकसमोर गेलीच नसती. मग मूळ इतिहासात ती कशी मेली होती? (क्लार्क गेबलच्या सिनेमाला निघालेत दोघं. १९३०मध्ये गेबलला कोण ओळखत होतं? पण ते जाऊ द्या.)

आडवातिडवा
बुगडीताई, भिकाऱ्यासाठी +१.

पण या भागाचा लेखक हार्लन एलिसन याची मूळ पटकथा वेगळी होती हे कुणी काढलंच नाही अजून. तिच्यात मॅकॉयऐवजी बेकविथ नावाचा, जहाजावर अमली पदार्थ विकणारा खलाशी पळतो. आणि शेवटी कर्कच्या हातून काहीच होत नाही. प्रेमापुढे तो थिजतो, बेकविथला स्पॉक अडवतो. मालिकेचा जनक रॉडनबेरी आणि त्याच्या मंडळींनी हे बदललं, कारण त्यांचा कप्तान कच खाणारा दिसता कामा नये. गंमत म्हणजे मूळ पटकथेला रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि पडद्यावरच्या भागाला विज्ञानकथांसाठीचा १९६८चा ह्यूगो पुरस्कार. एलिसन तरी शेवटपर्यंत धुसफुसत राहिला.

तळ्यातमळ्यात
लेखकाची सोय म्हणतो ती हीच. नारळीकरांच्या पानिपताच्या कथेत विश्वासराव वाचतात तिथे इतिहासाला फाटा फुटतो, दोन्ही जगं आपापल्या जागी राहतात आणि कुणाला कुणाचा बळी द्यावा लागत नाही. इथे मात्र 'जग एकच, इतिहास एकच' हा नियम आधी केला आणि मग त्या नियमासाठी बाई मारली.

नाक्यावरचा
नियम नसेल तर शोकांतिका कसली? कुणालाच काही गमवावं लागणार नसेल तर कर्क कशाला रडेल?

बुगडी
गमावलं एडिथने, हो! आणि तिला कुणी काही सांगितलंच नाही. माणूस एक दिवस अणूची शक्ती काबूत आणेल, यानांतून दुसऱ्या जगांत जाईल, हे मिशनमधल्या भुकेल्यांना सांगणारी बाई ती. तिने विश्वास ठेवला असता. सोबत तरी न्यायचं तिला. १९३०मधून नाहीशी झाली की झालं.

नाक्यावरचा
इतिहास जागेवर आल्याशिवाय परतीचं दारच उघडत नाही, नेणार कसं? आणि तिला सांगितलं असतं, ती 'मला मरायचं नाही' म्हणाली असती, तर? कर्कने काय करायचं होतं ते लिहा.

तळ्यातमळ्यात
थिजायचं होतं. आणि मॅकॉयला स्पॉकने अडवायचं होतं. एलिसनला हे कळलं होतं.