संकलित माहितीपट डिजिटल बीटाकॅम टेपवर घेताना चित्र खराब का होते?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांवर मी २७ मिनिटांचा माहितीपट केला आहे. चित्रीकरण मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर ‘पाल’ या दूरचित्रवाणी पद्धतीने झाले आणि संकलनही घरच्या संगणकावर डीव्हीच्याच टाइमलाइनमध्ये पूर्ण केले. एका वाहिनीने तो पसंत केला, मात्र प्रसारणाची प्रत डिजिटल बीटाकॅमवरच (व्यावसायिक व्हिडिओ टेपवरच) हवी, असे कळवले. आमच्याकडे लग्नाचे चित्रीकरण करणारे गल्लोगल्ली आहेत, पण त्या टेपचे नोंदणी यंत्र, म्हणजे डेक, कोणाकडेच नाही. म्हणून माहितीपटाची डीव्हीडी काढून मी ती बाहेरगावच्या एका स्टुडिओत नेली आणि तेथे डीव्हीडी प्लेअरच्या पिवळ्या वायरीतून ती टेपवर उतरवून मिळाली.

तेथील मॉनिटरवर पाहिले, तेव्हा कोणी छेडलेल्या नसतानाही तंबोऱ्याच्या तारा थरथरत होत्या, शीर्षकाची तांबडी अक्षरे कडांना फुटली होती आणि घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, कानस फिरवणारा हात पुढे जाऊन पुन्हा किंचित मागे येतो, असे दिसत होते. संगणकावर यातले काहीच जाणवले नव्हते. दोष टेपचा आहे, डेकचा आहे की माझ्या संकलनाचा?

मिरजेचा संकलक (उत्तर)

टेपला बोल लावू नका. डिजिटल बीटाकॅम १९९३मध्ये आले. ते दहा बिटांचे ४:२:२ चित्र (ज्यात प्रत्येक ओळीत रंगाची माहिती प्रकाशाच्या निम्मी असते) सेकंदाला सुमारे ९० मेगाबिट वेगाने नोंदवते, तर आपल्या डीव्हीचा वेग २५ मेगाबिट आहे. म्हणजे घागर मोठी आहे. पाणी सांडले ते वाटेत. डीव्हीडी काढताना चित्र एमपेग-२ मध्ये नव्याने आवळले गेले, आणि पिवळ्या वायरीत प्रकाशाची पातळी व रंग एकाच संकेतात मिसळले गेले, जे पुन्हा पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. अक्षरांच्या कडा अधिक फुटल्या त्या तिथे. मात्र त्याचे मूळ डीव्हीतच आहे, कारण पाल डीव्हीत ७२० बाय ५७६ च्या चित्राला रंगाची माहिती ३६० बाय २८८ इतकीच मिळते आणि तांबड्या रंगात ही उणीव लगेच उघडी पडते.

हात मागे येतो ते फील्डच्या उलटापालटीमुळे. प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रे, असतात आणि डीव्हीत खालचे फील्ड आधी येते. एक्स्पोर्ट करताना वरचे आधी असे नोंदले गेले, तर नंतरचा क्षण आधी दिसतो आणि आधीचा नंतर. संगणकाच्या पडद्यावर हे कळत नाही, म्हणून संकलनाच्या वेळी फायरवायरने (डीव्हीच्या डिजिटल वायरीने) कॅमेऱ्यामार्गे जुना काचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच जोडून ठेवावा. घरात तो असतोच, बहुधा माळ्यावर.

आता योग्य मार्ग. टाइमलाइन अनकॉम्प्रेस्ड (न आवळलेली) ४:२:२ करावी, शीर्षके आणि डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरे येणे) तिथेच नव्याने रेंडर करावेत आणि एसडीआय (व्यावसायिक डिजिटल जोडणीच्या) कार्डातून थेट डेकला द्यावे. डीव्हीची दृश्ये तेथे आणताना फील्डचा क्रम कार्डाच्या क्रमाशी जुळतो आहे, याची खात्री करावी. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ असाच ठेवावा. त्याची उंची जराही बदलली, तर ओळी एकमेकींत मिसळून सारेच चित्र बिघडते. दहा बिटांत सेकंदाला सुमारे २८ मेगाबाइट लागतात, म्हणजे आपल्या २७ मिनिटांना सुमारे ४५ गिगाबाइट. जुन्या, एकाच साध्या हार्ड डिस्कवर फ्रेम गळण्याचा धोका असतो.

तारांचे थरथरणे मात्र प्रत बनवताना आलेले नाही. स्कॅनच्या एका ओळीइतकी बारीक आडवी तार एकाच फील्डमध्ये सापडते आणि म्हणून लुकलुकते. तेवढ्या दृश्याला उभ्या दिशेने किंचित धूसरपणा द्यावा.

हळदबाजार

वरील उत्तर बरोबर आहे, पण त्यासाठी कार्ड आणि डिस्क विकत घेऊ नयेत, असे माझे मत आहे. डीव्हीत चित्रित झालेल्या दृश्यांना ४:२:२ मध्ये नेल्याने नवा तपशील मिळत नाही. फायदा होतो तो शीर्षके आणि डिझॉल्व्ह यांनाच. त्यापेक्षा शीर्षके पांढरी किंवा फिकट करावीत आणि पूर्ण टाइमलाइन फायरवायरने डीव्हीकॅम (डीव्हीचाच व्यावसायिक प्रकार) टेपवर घ्यावी. या वाटेने तेच बिट जसेच्या तसे जातात, नवे आकुंचन होत नाही. मग एसडीआय असलेल्या डीव्हीकॅम डेकवरून डिजिटल बीटाकॅमची प्रत काढून घ्यावी. छोट्या कॅसेटवर डीव्हीकॅमची ४० मिनिटे बसतात, तेव्हा आपले काम एकीत होईल.

पातळ्यांकडे मात्र लक्ष द्यावे. आमच्या येथील हळदीच्या सौद्यांवर मी केलेला एक लघुपट वाहिनीने परत पाठवला होता, कारण भर उन्हातल्या ढिगाचा पिवळा रंग त्यांच्या मर्यादेबाहेर जात होता. डोळ्याला तो सुंदर दिसत होता, म्हणून मी तो आणखी गडद केला होता, ही माझीच हौस. वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप ही प्रकाश व रंगाची मापके पाहिल्याशिवाय टेप देऊ नये.

टाइमकोड

थोडी भर घालतो. टेपवर आधी सलग काळे चित्र आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक) नोंदवून घेतल्याशिवाय इन्सर्ट एडिट, म्हणजे ठरावीक जागी चित्र भरणे, करता येत नाही. कार्यक्रम बहुधा १०:००:००:०० वर सुरू करतात आणि त्याआधी कलर बार (रंगपट्टे) व टोन (ध्वनीच्या पातळीचा नमुना स्वर) देतात. युरोपीय प्रघातानुसार टोन उणे १८ डेसिबल असतो, परंतु वाहिनीचे तांत्रिक पत्रक मागवून त्याप्रमाणेच करावे. मिनी डीव्हीचे अनेक कॅमेरे ध्वनी ३२ किलोहर्ट्झ, बारा बिट असा नोंदवतात. टेपला ४८ किलोहर्ट्झ लागतात, म्हणून ते रूपांतर टाइमलाइनमध्येच करून घ्यावे.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे आभार. माझा ध्वनी खरोखरच ३२ किलोहर्ट्झवर नोंदला गेला होता, हे आज तपासल्यावर कळले. एक्स्पोर्टची जुनी नोंद पाहता फील्डचा क्रमही उलटाच निघाला. शीर्षक मलईच्या रंगाचे केले असून डीव्हीकॅमवर प्रत घेतली आहे. एसडीआयचा डेक असलेल्या ठिकाणी परवाची वेळ मिळाली आहे. माळ्यावरचा संच खाली आणून सारा माहितीपट त्यावर पाहिला, तेव्हा बाकी सर्व ठीक दिसले, पण आडव्या ठेवलेल्या तंबोऱ्याचे दृश्य धूसर करूनही समाधान देईना. ते काढून टाकले आणि तेथे कारागीर तंबोरा उभा धरून सूर पाहतो आहे ते दृश्य घातले. उभ्या तारा अगदी स्थिर आहेत.