मदत हवी आहे: मतदार यादीतलं नाव गावाकडून पुण्याला हलवायचंय, पण...

नमस्कार मंडळी,

प्रश्न कागदपत्रांचा आहे आणि थोडा घरगुतीही. आधी घरगुती सांगतो.

मूळ गाव माण तालुक्यात. पुण्यात धनकवडीला राहून अकरा वर्षं झाली. मतदार यादीत नाव मात्र अजून गावातच. ग्रामपंचायत लागली की आदल्या रात्री अकराला कात्रजला टेंपो ट्रॅव्हलर उभी राहते, आमच्यासारखी पंधरा-वीस डोकी गोळा करते, वाटेत चहा-वडापाव, पहाटे गावात. भाडं कोण देतं हे कुणी विचारत नाही. मागच्या वेळी आमच्या वॉर्डातला उमेदवार तीन मतांनी निवडून आला. अजून भेटला की म्हणतो, "तुमच्या गाडीनं तारलं!"

यंदा चुलतभाऊच उभा राहतोय. वहिनींनी यादीची झेरॉक्स काढून पेन्सिलीनं खुणा केल्यात. टिक म्हणजे आपलं, फुली म्हणजे त्यांचं, गोल म्हणजे कुंपणावरचं. आमच्या घराला चार टिका: आई, बाबा, मी, धाकटा भाऊ. मी नाव हलवतोय म्हटल्यावर फोनवर जरा वेळ काही ऐकूच येईना. मग, "भावजी, एवढी निवडणूक होऊ द्या, मग कुठं न्यायचं तिथं न्या."

लोकसभेला आणि विधानसभेला गाडी येत नाही, म्हणून मीही जात नाही. २०२४ ला दोन्ही वेळा सुट्टी घेऊन घरीच झोपलो. इकडं आमच्या गल्लीत ड्रेनेजचं पाणी वर येतं. ते सांगायला एका माजी नगरसेवकाच्या कार्यालयात गेलो, तर तिथल्या पोरानं तोंड वर न करता विचारलं, "मतदान इथंच का?" नाही म्हणालो. त्यानं वही मिटली. राग आला, पण घरी येईपर्यंत तो राग माझ्यावरच उलटला होता.

तर: (१) नाव हलवायला कोणता फॉर्म? गावातलं आपोआप निघतं का? (२) बायकोचं नाव माहेरी सांगोल्याच्या यादीतही आहे आणि पुण्यातही. २०१९ मध्ये सोसायटीत कुणीतरी फॉर्म भरून घेतले, तिनं न वाचता सही केली. ती मत पुण्यातच देते. हा गुन्हा होतो का? (३) आई म्हणते, नाव काढलं तर जमिनीचं काही होईल. होतं का?

प्रतिसाद १
नमुना ८ भरा. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी, तो चुकूनही नको. नमुना ८ मध्ये 'स्थलांतर' निवडा, वीजबिल जोडा. निवडणूक आयोगाच्या ॲपवरून होतं. नवीन ठिकाणी मंजूर झालं की जुन्या ठिकाणचं नाव निघतं, तरी महिन्याभरानं दोन्हीकडच्या याद्या स्वतः तपासा. तुमच्या मिसेससाठी सांगोल्याला नमुना ७ भरून नाव वगळायला लावा. कायद्यानं दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि खोटं घोषणापत्र दिलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. आपणहून वगळून घेणं केव्हाही बरं. अडलं तर १९५० या हेल्पलाइन नंबरला फोन करा.

आणि आईंना सांगा, सातबाऱ्याचा आणि मतदार यादीचा काही संबंध नाही. आमच्याकडंही हीच भीती होती.

प्रतिसाद २
मी तर म्हणेन गावातच ठेवा. तिथं तुमच्या एका मताला वजन आहे. शहरात लाखांत कोण मोजतंय?

प्रतिसाद ३
मोजतात हो. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या २२० नंबरच्या वॉर्डात दोघांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी टाकावी लागली. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमची लोकसभा ४८ मतांनी ठरली. एका सोसायटीची दोन मजली विंग झाली ही.

शिवाय हा आवडीचा प्रश्नच नाही. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की नाव जिथं राहता तिथं. गावात घर आहे एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि पुण्यात नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढं साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. तेव्हा ड्रेनेजसाठी कुणाची कॉलर धरणार होतात? आता प्रभागात चौघं असतात, चार मतं द्यायची असतात. ती तुमची चारही वाया जातायत.

एक बारकावा. स्थानिक निवडणुकीला राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण एका ठरावीक तारखेची, आणि ती प्रभागवार फोडतो. त्या तारखेनंतरचा बदल त्या निवडणुकीला लागू होत नाही. म्हणजे ऐनवेळी जागं होऊन उपयोग नाही, गावातही आणि पुण्यातही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. नमुना ८ भरला. बीएलओ (भागातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या) मॅडम घरी येऊन गेल्या. बायकोचा नमुना ७ पण गेला. तिनं या वेळी सगळा वाचून, दोनदा प्रश्न विचारून सही केली. आई-बाबा गावातच राहतात, त्यांची नावं तिथंच.

चुलतभाऊ बोलत नाहीये. काल वहिनींनी झेरॉक्सचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. माझी टिक खोडरबरानं पुसलीय, आणि धाकट्याच्या नावापुढं गोल केलाय.